अँथ्रोपॉसॉफीच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती : पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रुडॉल्फ स्टायनर यांच्या शिक्षणविचारावर चालणाऱ्या वॉल्डॉर्फ शाळेत रुजू झालेली शिक्षिका, शेतात शिंगखत (गायीच्या शिंगात शेण भरून केलेले खत) वापरू लागलेला तरुण शेतकरी, विशेष मुलांच्या निवासी संस्थेतील कार्यकर्ती किंवा रुग्णसेवेत वेगळी दृष्टी शोधणारा डॉक्टर, यांपैकी अनेकांना आपल्या कामामागचा अँथ्रोपॉसॉफीचा, म्हणजे स्टायनर यांच्या आध्यात्मिक तत्त्वज्ञानाचा, विचार जाणत्या शिक्षकांकडून, पुरेसा वेळ देऊन शिकावा असे कधी ना कधी वाटू लागते. त्यासाठी ते युरोपातील प्रशिक्षणसंस्थांची माहिती काढतात आणि शुल्क व राहण्याखाण्याचा खर्च पाहून तिथेच थांबतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली पाहिजे : सगळा खर्च उचलणारी, दरवर्षी ठरलेल्या तारखेला जाहीर होणारी मोठी शिष्यवृत्ती या क्षेत्रात सहसा नसते. मदत मिळते ती तीनचार ठिकाणांहून, थोडी थोडी, आणि ती जुळवून आणण्याचे काम उमेदवारालाच करावे लागते. हे काम कष्टाचे असले तरी अशक्य मुळीच नाही; मात्र त्याला एक क्रम आहे आणि तो क्रम चुकला तर चांगला उमेदवारही मागे राहतो.

मदत अशी विखुरलेली का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास माहीत असावा. रुडॉल्फ स्टायनर (१८६१–१९२५) हे १९०२ पासून थिऑसॉफिकल सोसायटी या आध्यात्मिक संघटनेच्या जर्मन शाखेचे सरचिटणीस होते. सोसायटीच्या अड्यार (चेन्नई) येथील मुख्यालयाच्या नेतृत्वाने जे. कृष्णमूर्ती यांना भावी जगद्गुरू म्हणून पुढे आणल्यानंतर मतभेद विकोपाला गेले आणि १९१२-१३ च्या सुमारास अँथ्रोपॉसॉफिकल सोसायटी वेगळी झाली. पुढे १९१९ साली स्टुटगार्ट येथे उद्योजक एमिल मोल्ट यांच्या सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली, १९२१ मध्ये डॉ. इटा वेगमान यांनी स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइमला दवाखाना सुरू केला, १९२४ मध्ये कोबरविट्झ या आज पोलंडमध्ये असलेल्या गावी स्टायनर यांची शेतीविषयक व्याख्याने झाली व त्यांतून बायोडायनॅमिक शेती निघाली, आणि १९४० मध्ये कार्ल क्योनिग यांच्या पुढाकाराने स्कॉटलंडमध्ये विशेष मुलांसोबत एकत्र राहण्याची पहिली कॅम्पहिल वसाहत उभी राहिली. बाझेलजवळच्या डॉर्नाख गावातील गोएथेआनुम हे या चळवळीचे वैचारिक केंद्र असले, तरी शाळा, शेते, रुग्णालये आणि प्रशिक्षणसंस्था कायद्याने व पैशाने स्वतंत्र आहेत. त्यामुळे सर्वांसाठी शिष्यवृत्त्या वाटणारे एकच कार्यालय असे कुठेही नाही. प्रत्येक संस्थेला स्वतंत्रपणे विचारावे लागते.

पहिले पाऊल : नेमके काय शिकायचे ते ठरवणे

'मला अँथ्रोपॉसॉफी शिकायची आहे' एवढ्या वाक्यावर कुणीही मदत करत नाही, कारण या नावाखाली एकमेकांपासून फार वेगळी अशी प्रशिक्षणे येतात. वॉल्डॉर्फ शिक्षक-प्रशिक्षण पूर्णवेळ, अर्धवेळ किंवा सुट्ट्यांतील सत्रांच्या स्वरूपात होते. जर्मनीत ते पदवी व पदव्युत्तर पातळीवरही उपलब्ध आहे. बॉनजवळच्या आल्फ्टर गावातील आलानुस विद्यापीठ आणि स्टुटगार्टची फ्राय होखशूले ही त्यातली परिचित नावे होत. युरिथमी ही हालचालीची कला शिकायला साधारण चार वर्षे पूर्णवेळ द्यावी लागतात, आणि ते प्रशिक्षण स्टुटगार्ट, आलानुस किंवा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील स्प्रिंग व्हॅली येथे घेता येते. डॉक्टरांसाठी गोएथेआनुमच्या वैद्यकीय विभागाने आखलेले आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर प्रशिक्षण आहे. ते आठवडाभराच्या सत्रांतून काही वर्षांत पूर्ण होते, ते वेगवेगळ्या देशांत भरते आणि भारतातही भरलेले आहे. अशा सत्रासाठी व्यवसाय सोडून जावे लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी परदेशी शिष्यवृत्तीचा विचार करण्याआधी हा मार्ग तपासावा.

शेती शिकणाऱ्यांसाठी परिस्थिती सर्वांत अनुकूल आहे, असे माझे मत आहे. जर्मनीत बायोडायनॅमिक शेतीचे चार वर्षांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष शेतांवर राहून, काम करत घेता येते. त्यात विद्यार्थ्याला राहण्याजेवणाची सोय आणि थोडे वेतन मिळते, आणि मधूनमधून अभ्यासाचे आठवडे असतात. फ्रँकफुर्टजवळच्या डॉटेनफेल्डरहोफ या शेतावर त्याची स्वतःची शेतीशाळा आहे, तर नेदरलँड्समध्ये ड्रोन्टन येथे वार्मोंडरहोफ ही जुनी संस्था आहे. मात्र पहिल्या दोन्ही मार्गांसाठी जर्मन आणि तिसऱ्यासाठी डच भाषा आवश्यक ठरते. कॅम्पहिलच्या वसाहतींमध्येही असेच आहे : बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसोबत एका घरात राहून, त्यांच्या दिनक्रमात सहभागी होऊन वर्षभर काम करणाऱ्याला निवास, जेवण आणि खर्चाला थोडे पैसे मिळतात. इथे शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्जच करावा लागत नाही. हाताशी पैसा नसलेल्या, परंतु वय आणि उमेद असलेल्या विशीतल्या तरुणांनी आधी या वाटेचा विचार करावा, आणि शुल्क भरून करायच्या अभ्यासक्रमाकडे नंतर वळावे.

जाण्याआधी इथे जे शिकता येते ते शिकून घ्यावे. हैदराबादेत १९९७ साली स्लोका आणि त्यानंतर मुंबईत त्रिधा या शाळा सुरू झाल्यापासून भारतात वॉल्डॉर्फ शिक्षकांसाठी प्रशिक्षणसत्रे होत आली आहेत. बायोडायनॅमिक शेतीचा प्रसार १९९० च्या दशकात न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर यांनी भारतात येऊन केला आणि आज बायोडायनॅमिक असोसिएशन ऑफ इंडिया हे काम पुढे नेत आहे. परदेशातील निवड समिती उमेदवाराने आपल्या देशात उपलब्ध असलेल्या संधी वापरल्या आहेत का, हे हमखास पाहते. इथले एकही सत्र न केलेल्या माणसाने थेट डॉर्नाखसाठी मदत मागितली, तर त्याच्या तयारीविषयी शंका घेतली जाते, आणि ती रास्तच असते.

दुसरे पाऊल : भाषा आणि मान्यता

युरोपातील बहुतेक दीर्घ अभ्यासक्रम स्थानिक भाषेत चालतात. गोएथेआनुममध्ये इंग्रजीतून अभ्यासाची सोय आहे, ब्रिटन व अमेरिकेतील संस्था अर्थातच इंग्रजीत शिकवतात. पण विद्यापीठीय पातळीवर जर्मनीत शिकायचे तर जर्मन भाषेची बी २ किंवा सी १ ही (युरोपीय मोजपट्टीवरची वरची) पातळी गाठावी लागते. मुंबई व पुण्यातील मॅक्स म्यूलर भवनात या परीक्षा देता येतात. कामासोबत शिकून बी २ पर्यंत पोहोचायला दीड-दोन वर्षे सहज लागतात, त्यामुळे भाषेचा वर्ग शिष्यवृत्ती मिळाल्यावर लावू, असे म्हणणाऱ्याचे वर्ष वाया जाते. शिवाय भाषेचे प्रमाणपत्र हा गांभीर्याचा असा पुरावा आहे, जो शिफारसपत्रापेक्षा जास्त बोलतो.

मान्यतेचा प्रश्न मराठी कुटुंबात पहिल्याच दिवशी विचारला जातो आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. वॉल्डॉर्फचे प्रमाणपत्र भारतात बी.एड. किंवा डी.एल.एड.ची जागा घेत नाही. अनुदानित शाळेत नोकरीसाठी शासनाने ठरवलेली पात्रता आणि टीईटी लागतेच. वॉल्डॉर्फ शाळांत या प्रमाणपत्राला मोल आहे, पण अशा शाळा आपल्याकडे मोजक्या शहरांत आहेत. डॉक्टरांची व्यवसाय करण्याची कायदेशीर चौकट त्यांच्या मूळ पदवीने व नोंदणीने ठरते, या प्रशिक्षणाने ती बदलत नाही. हे सारे समजून, तरीही मला हेच शिकायचे आहे, असे जो स्वतःच्या कारणांसह सांगू शकतो, त्याचा अर्ज आपोआप भक्कम होतो. म्हणून शक्य असेल तर बी.एड. आधी पूर्ण करावे.

तिसरे पाऊल : अंदाजपत्रक

मदतीची रक्कम मागण्याआधी पूर्ण खर्च कागदावर मांडावा लागतो. जर्मनीच्या विद्यार्थी-व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, इतकी रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून गृहीत धरली जाते, आणि ती सहसा आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) जमा करून दाखवावी लागते. हा आकडा राहणीमानाच्या किमान खर्चाचा आधार म्हणून वापरता येतो. अर्ज करताना तो बदललेला नाही ना, हे दूतावासाच्या सूचनांत पाहून घ्यावे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अभ्यासक्रमाचे वार्षिक शुल्क ६,००० युरो, राहण्याचा खर्च ११,९०४ युरो आणि प्रवास, व्हिसा, भाषांतरे वगैरेंसाठी २,००० युरो धरले, तर एका वर्षाची बेरीज १९,९०४ युरो होते. आता दुसऱ्या बाजूला, संस्थेकडून निम्म्या शुल्काची सवलत मिळाली तर ३,००० युरो, एखाद्या न्यासाकडून ६,००० युरो, आणि स्वतःची बचत, कुटुंब व इथली शाळा मिळून ४,००० युरो अशी मांडणी केली, तर १३,००० युरो जमतात आणि ६,९०४ युरोंची तूट उरते. ही तूट लपवू नये. तूट कशी भरणार याविषयी एक ओळ लिहावी : निवास स्वस्त मिळण्याची शक्यता, संस्थेच्या स्वयंपाकघरात किंवा बागेत काम, कर्ज, किंवा एक वर्ष उशिरा जाण्याची तयारी. जर्मनीत विद्यार्थ्यांना वर्षातून १४० पूर्ण दिवस काम करण्याची परवानगी २०२४ पासून आहे, परंतु युरिथमीसारख्या दिवसभर चालणाऱ्या प्रशिक्षणात तेवढे काम शरीराला झेपत नाही. म्हणून कामातून मिळणाऱ्या पैशावर अंदाजपत्रकाचा मोठा भाग टाकणे समितीला अवास्तव वाटते. कामातून मिळणारी रक्कम व्हिसासाठी आधी दाखवायच्या पैशातही सहसा धरली जात नाही.

अंदाजपत्रकातील स्वतःच्या वाट्याची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. ती रक्कम लहान असली तरी चालते. ती शून्य असू नये. इथल्या संस्थेने वर्षभराची रजा मंजूर करून परत कामावर घेण्याचे लेखी आश्वासन दिले असेल, तर तेही योगदानच असते आणि ते स्पष्टपणे नोंदवावे.

चौथे पाऊल : पैसा कुठून मागायचा

पहिला दरवाजा प्रशिक्षणसंस्थेचाच. प्रवेशअर्जासोबत, किंवा प्रवेश निश्चित होताच लगेच, शुल्कसवलत किंवा मदतनिधी आहे का, आणि त्यासाठी कोणत्या तारखेपर्यंत अर्ज करायचा, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. बऱ्याच संस्थांत देणगीदारांच्या पैशातून चालणारा छोटा निधी असतो, तो वर्षाच्या सुरुवातीला वाटला जातो आणि उशिरा विचारणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे पंधरा महिने आधी, म्हणजे आदल्या वर्षीच्या जूनमध्ये, पत्रव्यवहार सुरू केलेला बरा.

दुसरा दरवाजा न्यासांचा, आणि इथे नवख्यांचा फार मोठा गैरसमज असतो. जर्मनीत माले श्टिफ्टुंग, सॉफ्टवेअर एजी श्टिफ्टुंग यांसारखे मोठे न्यास या चळवळीतील कामांना पैसा देतात हे खरे, परंतु ते सार्वजनिक हिताच्या नोंदणीकृत संस्थांच्या प्रकल्पांना देतात. एका व्यक्तीच्या शिक्षणखर्चासाठी आलेल्या पत्राला त्यांच्याकडून नकारच येतो. म्हणून न्यासाला स्वतः पत्र लिहिण्याऐवजी, 'माझ्यासारख्या विद्यार्थ्यासाठी तुम्ही एखाद्या न्यासाकडे मागणी करू शकाल का, आणि त्यासाठी माझ्याकडून कोणती कागदपत्रे हवीत', असे प्रशिक्षणसंस्थेला विचारावे. वॉल्डॉर्फच्या क्षेत्रात फ्रॉयंडे डेर एर्त्सीहुंग्सकुन्स्ट ही जर्मन संस्था जगभरच्या शाळांना मदत करते आणि तरुणांसाठी स्वयंसेवेचे वर्षही आयोजित करते. परदेशातून जर्मनीत येणाऱ्यांसाठीही तिचा कार्यक्रम आहे. त्या वर्षात भाषा येते, माणसे ओळखीची होतात, आणि पुढच्या प्रशिक्षणासाठी शिफारस करणारे कुणीतरी मिळते. त्या त्या देशातील अँथ्रोपॉसॉफिकल सोसायटीलाही विचारावे, कारण काही ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी लहान रकमा राखून ठेवलेल्या असतात.

आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांविषयी थोडक्यात. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्हींत जागतिक क्रमवारीतील वरच्या विद्यापीठांची अट असते. अँथ्रोपॉसॉफीच्या संस्था त्या यादीत नसतात, त्यामुळे पात्र असूनही तिकडे वेळ घालवण्यात अर्थ नाही. पदवीधरांनी मान्यताप्राप्त विद्यापीठात पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे ठरवले असेल, तर १८९२ पासून चालत आलेल्या मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीची पात्रता तपासावी. ते कर्ज आहे, परत करायचे आहे, हे मात्र अंदाजपत्रकात लिहून ठेवावे.

एक कायदेशीर बाब इथेच सांगतो. परदेशातून येणारी मदत इथल्या शाळेच्या किंवा ट्रस्टच्या खात्यातून फिरवायची असेल, तर त्या ट्रस्टकडे परदेशी देणगी नियमन कायद्याखालील नोंदणी असावी लागते. ती नसेल तर चांगल्या हेतूनेही अशी रक्कम स्वीकारता येत नाही. त्यापेक्षा न्यासाने ती थेट परदेशातील प्रशिक्षणसंस्थेला द्यावी आणि संस्थेने ती शुल्कात वळती करावी, अशी विनंती करणे सर्वांच्या सोयीचे असते.

पाचवे पाऊल : आत्मवृत्त आणि विनंतीपत्र

या संस्था गुणपत्रिकेपेक्षा आत्मवृत्ताला जास्त महत्त्व देतात. माणसाच्या आयुष्याचा सात-सात वर्षांच्या टप्प्यांत विचार करण्याची रीत अँथ्रोपॉसॉफीत आहे, आणि उमेदवाराने आपल्या आयुष्याची वळणे स्वतः ओळखली आहेत का, हे वाचणाऱ्याला पाहायचे असते. काही ठिकाणी हे निवेदन हाताने लिहून मागतात. तेव्हा नोकरीच्या अर्जाला जोडतात तसा तक्ता पाठवणे पुरेसे नाही. दोन पानांत, क्रमाने, आपण कुठे वाढलो, कोणत्या कामाने आपल्याला बदलले, अँथ्रोपॉसॉफीशी पहिली भेट कशी झाली आणि त्यानंतर रोजच्या कामात काय वेगळे करून पाहिले, हे लिहावे.

आपल्याकडील अर्जांत दोन दोष वारंवार दिसतात. पहिला म्हणजे गरिबीचे वर्णन आणि स्तुती. 'माझी परिस्थिती हलाखीची आहे, तरी या महान कार्याची सेवा करण्याची संधी द्यावी', या वाक्यात लिहिणाऱ्याविषयी काहीच कळत नाही. आर्थिक परिस्थिती अंदाजपत्रकात आकड्यांनी सांगितलेली असतेच. पत्रात कामाविषयी लिहावे. समजा, शिक्षिकेने असे लिहिले : 'आमच्या पहिलीच्या वर्गात मुले चित्रातून अक्षराकडे जातात. रोमन लिपीतील एस हे अक्षर वळणाऱ्या सापाच्या चित्रातून सहज निघते, पण देवनागरीत शिरोरेषा, काना, मात्रा आणि जोडाक्षरे असल्याने ही रीत तशीच्या तशी लागू पडत नाही. मी काही अक्षरांसाठी चित्रे तयार केली आहेत, त्यांतली निम्मी मुलांना उमगली नाहीत. मूळ पद्धतीमागचे तत्त्व शिकून मला मराठी शाळांसाठी अक्षरओळखीचा क्रम तयार करायचा आहे.' हे वाचणाऱ्या माणसाला लगेच कळते की, पैसा कुठे जाणार आहे आणि त्यातून काय उभे राहणार आहे.

शेतकऱ्याजवळही असे प्रश्न असतात. कंपोस्टमध्ये घालायच्या बायोडायनॅमिक द्रव्यांना यारो, कॅमोमाइल, व्हॅलेरियन, ओकची साल अशा समशीतोष्ण हवेतील वनस्पती लागतात. त्या दख्खनच्या पठारावर सहज येत नाहीत, आणि शेतकऱ्याला तयार द्रव्ये थंड डोंगराळ भागांतून मागवावी लागतात. सांगली-सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतात या परावलंबनावर काय उपाय, मॉन्सूनच्या गणिताशी युरोपीय पेरणी-दिनदर्शिका कशी जुळवायची, हे विचारणारा उमेदवार प्रशिक्षकांनाही हवाच असतो. असा खरा प्रश्न सापडेपर्यंत पत्र लिहायला बसू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा दोष भारतीय वारशाच्या अभिमानातून येतो. पुनर्जन्म आणि कर्म या कल्पना स्टायनर यांच्या विचारात मध्यवर्ती आहेत, १९१२ च्या अखेरीस त्यांनी कोलोन येथे गीतेवर व्याख्यानेही दिली. त्यामुळे 'हे सगळे आमच्याकडे आधीपासूनच आहे' असे लिहिण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात स्टायनर यांची मांडणी ख्रिस्त-घटनेला, म्हणजे ख्रिस्ताच्या अवताराला व क्रूसावरील मृत्यूला, मानवी उत्क्रांतीच्या केंद्रस्थानी ठेवते आणि थिऑसॉफीपासून ते दूर गेले त्यामागे हेही एक कारण होते. साम्य दाखवायचे असेल तर फरकही दाखवावा. ज्ञानेश्वरी वाचलेल्या माणसाला दोन्ही बाजू मांडता येतील. निदान एकदोन मूलभूत ग्रंथ वाचून, त्यांतले काय पटले आणि कुठे अडलो, हे नमूद करावे.

विनंतीपत्र एका पानाचे असावे. पहिल्या परिच्छेदात अभ्यासक्रमाचे नाव, कालावधी आणि मागितलेली नेमकी रक्कम. दुसऱ्यात काम आणि प्रश्न. तिसऱ्यात परत येऊन काय करणार आणि कुणासोबत. शेवटी जोडलेल्या कागदांची यादी. इंग्रजी साधी ठेवावी. दुसऱ्याकडून अलंकारिक भाषेत लिहून घेतलेले पत्र आणि मुलाखतीतला माणूस जुळला नाही की, विश्वास उडतो.

सहावे पाऊल : शिफारस आणि मुलाखत

शिफारसपत्र पदाने मोठ्या माणसाचे असण्याची गरज नाही. ज्याने आपले काम जवळून पाहिले आहे, अशा सहकारी शिक्षकाचे, मार्गदर्शक शेतकऱ्याचे किंवा इथल्या प्रशिक्षणसत्रातील शिक्षकाचे पत्र उपयोगी पडते. आमदारांचे किंवा नगरसेवकांचे पत्र जोडू नये. शिफारस करणाऱ्याला दीड महिना आधी सांगावे आणि आपले आत्मवृत्त व अंदाजपत्रक त्याला वाचायला द्यावे, म्हणजे त्याच्या पत्रात आणि आपल्या अर्जात विसंगती राहत नाही.

मुलाखत बहुधा व्हिडिओवरून होते आणि तिचे स्वरूप गप्पांसारखे असते, पण ती परीक्षाच असते. टीकेविषयीचे प्रश्न येऊ शकतात, आणि घरातूनही ते येतील. अँथ्रोपॉसॉफीच्या अनेक औषधांच्या परिणामकारकतेवर आणि बायोडायनॅमिक द्रव्यांमागच्या स्पष्टीकरणांवर वैज्ञानिकांचे गंभीर आक्षेप आहेत, आणि स्टायनर यांच्या वंशविषयक काही विधानांवर युरोपात तीव्र वाद झाले आहेत. उमेदवाराला हे माहीत असले पाहिजे. सगळे समर्थनीय आहे असे ठासून सांगणाऱ्यापेक्षा, मला यातले हे तपासून पाहायचे आहे आणि हे मला मान्य नाही, असे शांतपणे सांगणारा माणूस शिकायला आला आहे हे कळते. डॉक्टरांनी तर रुग्णाचे प्रस्थापित उपचार आपण थांबवणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण ती त्यांची पहिली जबाबदारी आहे.

सातवे पाऊल : व्हिसा आणि पैशांचे व्यवहार

मदत मिळाल्याचे पत्र हाती आल्यावर ते नीट वाचावे. त्यात रक्कम, कालावधी, पैसे कुणाला व कोणत्या हप्त्यांत दिले जाणार, अभ्यास अर्धवट सोडल्यास काय, आणि परत येऊन काम करण्याची अट आहे का, हे सर्व असावे. नसेल तर विनयाने लेखी मागावे. व्हिसा अधिकाऱ्याला 'संस्था मदत करणार आहे' एवढे मोघम वाक्य चालत नाही. आकडा आणि कालावधी असलेले पत्रच उपयोगाचे ठरते.

देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. जर्मनीत विद्यापीठीय शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीयांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे) लागते आणि त्याला वेळ जातो, म्हणून ते प्रवेशाची वाट न पाहता आधीच काढायला घ्यावे. स्वित्झर्लंडमध्ये दीर्घ मुक्कामाच्या परवानगीत कॅन्टनचे, म्हणजे तिथल्या प्रांताचे, मत निर्णायक असते. डॉर्नाख हे बाझेल शहराजवळ असले तरी ते झोलोथुर्न कॅन्टनमध्ये येते, आणि निर्णयाला दोन-तीन महिने धरून चालावे. तीन महिन्यांपेक्षा लहान सत्रासाठी शेंगेन व्हिसा पुरतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी-व्हिसा मिळण्यासाठी संस्थेकडे सरकारी प्रायोजक-परवाना असावा लागतो. तो नसलेल्या संस्थेच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला शुल्क भरून बसणे धोक्याचे आहे, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी परवान्याची खात्री करावी. कॅम्पहिलच्या स्वयंसेवकांसाठी तिथे धर्मादाय कामाचा वेगळा, जास्तीत जास्त बारा महिन्यांचा व्हिसा आहे.

शुल्काचा पहिला हप्ता बँकेतूनच, शिक्षणासाठीच्या परकीय चलनाच्या नियमांनुसार पाठवावा आणि व्हिसा नाकारला गेल्यास तो परत मिळेल का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. ओळखीच्या ओळखीतून 'गोएथेआनुमची पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून देतो' असे सांगून पैसे मागणारा कुणी भेटला, तर त्याच्या वाट्याला जाऊ नये. या संस्थांशी थेट पत्रव्यवहार करता येतो, त्या उत्तरे देतात, आणि मध्यस्थाची गरज पडत नाही.

नकार आला तर पंधरा दिवसांच्या आत आभाराचे पत्र पाठवून, पुढच्या वर्षी विचार होण्यासाठी काय कमी पडले, एवढे विचारावे. पुष्कळदा भाषा, वय किंवा अनुभवाची मर्यादा हे साधे कारण असते आणि ते वर्षभरात दूर करता येते. प्रवेश मिळाला पण पैसा जमला नाही, तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती करावी. ती बहुधा मान्य होते. मदत मिळाली तर प्रत्येक सत्राच्या शेवटी देणाऱ्यांना एक-दोन पानांचा अहवाल पाठवावा, मागितला नसला तरीही. त्यात काय शिकलो, पैसे कुठे खर्च झाले आणि अंदाजपत्रकात काय बदलले हे असावे, कारण दुसऱ्या वर्षाच्या मदतीचा निर्णय त्याच कागदावर होतो आणि आपल्यामागून महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्याचे पत्र उघडताना समितीला तोच अहवाल आठवतो.